फिलाडेल्फियात पुन्हा वाचलेली आनंदी

आम्ही दोघी एकाच तालुक्यातल्या. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात दोन वर्षं राहून आलो. तिकडे काय काय पाहिलंत, असं गटातल्या बायका विचारतात. आज एका पुस्तकाच्या निमित्तानं सांगतो.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी तुमच्यातल्या पुष्कळजणींनी वाचली असेल, नाहीतर सिनेमा पाहिला असेल. कल्याणची मुलगी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं नि दहा दिवसांत गेलं. १८८३ साली, अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून ती बोटीनं अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. तीही याच फिलाडेल्फियात! म्हणून लोणच्याच्या बरण्यांशेजारी ते पुस्तक बॅगेत घातलं होतं.

शाळेत वाचलं तेव्हा आमच्या लक्षात राहिली ती पदवी, आणि गोपाळरावांचा संताप. तिकडच्या जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना वाचायला घेतलं तर दुसरंच दिसायला लागलं. आनंदीबाईंच्या खोलीतली शेकोटी धूर करायची. धूर सोसायचा, नाहीतर थंडी. जेवण शाकाहारी, तेही जमेल तसं. तब्येत खालावतच गेली.

आमचं काय वेगळं होतं? एकीच्या वडिलांनी दोन एकर गहाण टाकलं होतं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीला आम्ही ऐंशीनं गुणायचो आणि वस्तू परत ठेवायचो. एक वेळ भात, एक वेळ पाव. बिल वाढेल म्हणून हीटर कमी. रविवारी घरी व्हिडिओ कॉल करताना मात्र दिवा लावायचा, केस विंचरायचे आणि म्हणायचं, “मजेत आहोत.”

फेब्रुवारीत एकजण स्टेशनवर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं साडेसात. लाज याची वाटली, की त्याच आठवड्यात वर्गात बायकांच्या रक्तक्षयावर आम्हीच बोलणार होतो.

सुट्टीत आम्ही पकिप्सीला गेलो. न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठानं आगगाडीनं दोनेक तास. ज्या कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंची रक्षा आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्या दगडासमोर आम्हाला पदवी आठवलीच नाही, शेकोटी आठवली.

त्या रात्री घरी फोन करून सगळं खरं सांगितलं. चक्कर आलेलीची आई बराच वेळ गप्प. आम्हाला वाटलं, रडतेय. मग म्हणाली, “अगं, मी तरी कुठं सांगते? जिना चढताना मलाही धाप लागते.” सोमवारी आशाताईंबरोबर ती उपकेंद्रात गेली. तिचं निघालं आठ.

त्यानंतर आम्ही परत येईपर्यंत फोनवर दोन्हीकडून पहिला प्रश्न एकच असायचा: “गोळी घेतलीस का?”