घे, मायसंग बोल

  आज आपण फोनबद्दल बोलू. रिचार्ज किती महाग झाला, पोरं किती वेळ फोन पाहतात, हे विषय आज बाजूला ठेवू. बाप आणि त्याची मोठी झालेली लेकरं फोनवर एकमेकांशी काय बोलतात, तेवढंच आज पाहू.

आपल्या भागातली पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला कामाला जातात. लेकी वडसा, ब्रह्मपुरी, साकोली, पवनीकडे नांदायला जातात. रात्री जेवणं झाली की फोन येतो. बापाने उचलला तर बोलणं कसं होतं? "जेवला का बापू?" "हो बाबा." "पानी आला का तिकडे?" "नाही." "बरं, घे, मायसंग बोल." झालं. मिनिटही होत नाही आणि फोन आपल्या हातात येतो. मग अर्धा तास आपण बोलतो. बाबा खाटेवर पडून सगळं ऐकत असतात. फोन ठेवला की विचारतात, "काय म्हणे?"

माया नाही म्हणून बाप कमी बोलतो, असं कोणी समजू नये. त्याला कारणं आहेत. आपल्या सासऱ्यांच्या, वडिलांच्या काळात दूरचा निरोप तारेने यायचा. तार आली म्हटलं की घरात रडारड, कारण बहुतेक वेळा ती कोणी गेल्याचीच असायची. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती भीती अनेक म्हाताऱ्या माणसांच्या मनातून गेली नाही. पुढे एसटीडीचे बूथ आले. तिथे समोरच्या यंत्रावर पैशाचे आकडे पळत. आकडा पाहत पाहत कोण मनातलं बोलणार? मोबाईल आला तेव्हा सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे लागायचे, ते २००३ मध्ये बंद झाले. तरी कितीतरी वर्षं आपण मिस कॉलवरच निभावलं. गाडीतून उतरलो की एक रिंग द्यायची, म्हणजे पोचलो. त्या पिढीला सवय लागली की फोन कामापुरता, दोन शब्दांचा. २०१६ नंतर बोलणं स्वस्त झालं, पण बाबांची सवय तीच राहिली.

दुसरं कारण आपल्या घराच्या रीतीत आहे. पोराची फी असो, लेकीचं दुखणं असो, बापाचा राग असो, सगळं मायच्या मधून जातं. बाप मायला सांगतो, माय लेकराला सांगते. लेकराचं उत्तरही मायच बापाला देते. घरातलं टेलिफोन एक्सचेंज म्हणजे आपण. संसार चालला आहे तोवर त्यात काही अडत नाही.

पण बायांनो, माय गेल्यावर काय होतं? अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. मधला माणूस निघून जातो आणि दोन्ही टोकं मुकी होतात. पोरगा फोन करतो, बाप "बरा हाये" म्हणतो, पुढे दोघांनाही शब्द सापडत नाहीत. हळूहळू फोन आठवड्यावर जातो, मग सणावर. बापाची साखर वाढलेली असते, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, धान तुडतुड्याने गेलेला असतो. लेकराला यातलं काही ठाऊक नसतं. शेजाऱ्याचा फोन येतो तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ही गोष्ट आपण धडधाकट आहोत तोवरच करायची. बाप-लेकरांची आपली स्वतःची वाट पाडून द्यायची.

ती कशी पाडायची? पहिलं, फोन बाबांच्या हाती द्या आणि उठून जा. भांडी घासा, शेजारी जाऊन या. आपण समोर बसलो की ते लगेच आपल्याकडे फोन सरकवतात. आपण नसलो की दोन वाक्यं जास्त बोलतात.

दुसरं, लेकरांना सांगा की बापाला "कसे आहात?" विचारू नका. त्याचं उत्तर "बरा हाये" हेच येणार. बापाला जे येतं ते विचारा. कोणत्या बांधीचा रोवणा झाला? पऱ्हे पुरले का? इटियाडोहच्या कालव्याला पाणी सोडलं का? चुरणा कधी काढणार? मग पाहा, बाप दहा मिनिटं थांबत नाही. त्या बोलण्यातच कंबर दुखते हे येतं, मजूर मिळत नाही हे येतं, उधारी किती झाली हेही येतं. आणि बापाने "पानी आला का?" असं विचारलं तर हसू नका. त्या प्रश्नात सगळी काळजी असते. त्याला नीट उत्तर द्या.

तिसरं, लेकीबद्दल. सासरी लेकीचा फोन कधी स्पीकरवर असतो, कधी कोणी बाजूला बसलेलं असतं. बाबांनी "बरी हायेस ना?" विचारलं तर ती "हो" म्हणणारच. ती एकटी असेल अशी वेळ बापाने तिच्याकडून माहीत करून घ्यावी आणि तेव्हा फोन करावा. "काही झालं तरी हे घर तुझं आहे" हे वाक्य मायने शंभरदा म्हटलं तरी बापाच्या तोंडून एकदा ऐकायला लेक आसुसलेली असते. त्रास असेल तर १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो बापालाही पाठ असू द्या.

चौथं, आवाजाचे निरोप. व्हॉट्सॲपवर माईकचं चिन्ह दाबून बोललं की निरोप जातो. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं. पोरगा ड्युटीवर असला तरी तो सुटी झाल्यावर ऐकतो. समोर कोणी नसलं की लाजरा बापही मोकळा बोलतो. बाबांकडे साधा बटणांचा फोन असेल तर घरातल्या मोठ्या फोनवरून बोलायला लावा. आणि असे चार निरोप जपून ठेवा. फोन बिघडला की आवाजही जातो, म्हणून पोरांना ते दुसरीकडे उतरवून ठेवायला सांगा. माणूस गेल्यावर फोटो सगळ्यांकडे असतो, आवाज फार थोड्यांकडे उरतो.

एक सावधगिरीही सांगतो. आता पोराचा आवाज काढून, "बाबा, मला पोलिसांनी पकडलं, पैसे पाठवा" असे खोटे फोन येतात. बाप घाबरतो आणि पैसे पाठवून बसतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो बाहेर कोणाला माहीत नाही. असा फोन आला की तो शब्द विचारा, फोन ठेवा, आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तो आठवा. त्याआधी मार्चपासून टाळेबंदी होती. त्या वर्षी कळलं की दूर असलेल्या माणसाला खरं सांगणारा एक फोन किती मोलाचा असतो. "काई नाई झाला" म्हटल्याने लेकराचा घोर कमी होत नाही. "पाणी अंगणापर्यंत आलं, आम्ही शाळेत आहो, जेवलो" असं सांगितलं की तो शांत होतो. संकटात असं बोलता यायचं तर सवय सुखाच्या दिवसांतच लागावी लागते.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ता जमा झाला की एकमेकींना विचारा, तुझ्या घरी बाप-लेकरं शेवटचं कधी बोलली, तुझ्याशिवाय? आणि आज रात्री फोन आला, बाबांनी "घे, मायसंग बोल" म्हटलं, तर सांगा, "माझे हात ओले आहेत, तुम्हीच बोला."