अलिबागची वारी
(शब्बाथनंतरच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा पुरुष व घरच्या स्त्रिया अलिबागला जाऊन आलो. त्याविषयी दोन शब्द बोलावे, अशी मंडळींची आज्ञा आहे.

मुंबईहून लाँचने मांडवा आणि तेथून मोटारीने अलिबाग. समुद्रात समोरच कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला होडी घ्यावी लागते. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यातील विहिरीचे पाणी गोडे कसे, हे माझ्या नातवाला पटेना. अखेर त्याने चाखून पाहिले. गावात चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांचा मापनयंत्रांवर परिणाम होणार, म्हणून १९०४ साली ती येथे सुरू झाली. गाव शांत असण्याचा असाही उपयोग!

आमचे मन मात्र इस्राएल आळीत होते. माझ्या आईचा जन्म त्या आळीतला, आणि तिची पुण्यतिथी त्याच आठवड्यात होती. मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये कद्दिश म्हणावा, एवढ्यासाठीच मी हा प्रवास योजला होता. पण दहा पुरुष जमतील की नाही, याची चौकशी न करताच निघालो, ही माझी चूक. आपली घरे तेथे आता मोजकीच उरली आहेत. तिघे स्थानिक गृहस्थ आले, नऊ झालो. दहाव्यासाठी निरोप गेला. तासभर आम्ही बाकांवर बसून होतो. कोणी काही बोलत नव्हते. शेवटी पेणहून एक वृद्ध गृहस्थ एस. टी.ने आले, घामाघूम झालेले, आणि उशीर झाला म्हणून आमचीच क्षमा मागू लागले. कद्दिश म्हणताना माझा आवाज दोनदा अडला.

दुसऱ्या दिवशी नवगावला गेलो. गलबत फुटून वाचलेली सात जोडपी याच किनाऱ्याला लागली, असे आपले वाडवडील सांगत आले. बुडालेल्यांना जेथे पुरले, ते उंचवटे तेथील कब्रस्तानात दाखवतात. काही थडग्यांवर हिब्रू आणि मराठी, दोन्ही लेख आहेत. हिब्रू नातवाने वाचले, मराठी मी. एका शिळेवर आमचेच आडनाव निघाले. ते त्याला मराठी अक्षरांत ओळखता आले नाही. मी त्याचे बोट धरून एकेक अक्षर गिरवून घेतले.

पुढील वर्षी जे जाणार असतील, त्यांनी दहा पुरुष मिळूनच निघावे, नाहीतर आठ दिवस आधी तेथील मंडळींना कळवावे. ओहोटीची वेळही तेव्हाच विचारून घ्यावी.