जुने घर, नवा मालक

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जुने घर विकत घेऊन पाहणाऱ्याचे काय होते, हे मात्र म्हणीने सांगितलेले नाही. घर बांधणाऱ्यास त्याच्या पायात काय घातले आहे ते ठाऊक असते. जुने घर घेणाऱ्याच्या हाती दुसऱ्याने केलेले बांधकाम आणि दुसऱ्याच्या कुटुंबाचा इतिहास अशा दोन्ही गोष्टी एकदमच येतात. गोव्यातील एखाद्या गावी आयुष्यभराची शिल्लक घालून चिऱ्याचे, कौलारू घर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने म्हणूनच दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत. पहिला, हे घर कोणाकोणाचे आहे? दुसरा, ह्या घरावर पडणारे पाणी कोठे जाते?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १८६७ सालचा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि १९६१ मधील मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतीत तो चालू राहिला. वारसाहक्काविषयीच्या त्यातील तरतुदींची जागा पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ सालच्या कायद्याने घेतली. ह्या व्यवस्थेत विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि मुलगा व मुलगी यांचा वारसा समान असतो. घर विकणारे चार भाऊ असतील, तर सामान्यतः त्यांच्या चार पत्नींच्याही सह्या लागतात. मुंबईस दिलेली बहीण असो की लिस्बनला स्थायिक झालेला पुतण्या असो, ज्याचा वाटा आहे त्याची संमती हवीच. ‘ती काही हरकत घेणार नाही’ हे विक्रेत्याचे आश्वासन कितीही मनापासूनचे असले, तरी ते खरेदीखतावरील सहीची जागा घेऊ शकत नाही. मूळ मालक निवर्तला असल्यास वारस ठरविण्याचे आणि वाटणीचे काम पुरे झाले आहे की नाही, ते वकिलाकडून पाहून घ्यावे.

पुष्कळांची समजूत अशी असते की, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव दिसले म्हणजे मालकी सिद्ध झाली. उतारा उपयुक्त खरा, परंतु तो एकटा पुरेसा नाही. जुनी खरेदीखते, पोर्तुगीजकालीन नोंदणीचे दाखले आणि कर्जाचा बोजा नसल्याचा दाखला यांची साखळी जुळली पाहिजे. जमिनीत मुंडकाराचे घर असेल तर त्याची चौकशी विशेषच करावी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला दिलेले संरक्षण भाटकार बदलल्याने नाहीसे होत नाही. आणि खरेदीखत नोंदविल्यावर फेरफाराची नोंद करून घेण्यास विसरू नये.

कागद पुरे झाले, किल्ली हाती आली, की नव्या मालकाला पहिली घाई होते ती रंगाची. पाहुणे येणार, भिंती उजळ दिसल्या पाहिजेत! वास्तविक रंग हे सर्वांत शेवटचे काम होय. येथे दुसरा प्रश्न उभा राहतो, तो पाण्याचा. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपराचा हिशेब केला, तर त्यावर एका वर्षात तीन लाख लिटर पाणी कोसळते. ते वळचणीवरून पडून जोत्यापासून दूर वाहून गेले तर घर टिकते. तेथेच मुरले तर तेच पाणी भिंतीत चढते.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतील ओल शोषून घेतो आणि उन्हाळ्यात ती हवेत सोडतो. जुन्या गवंड्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला, कारण चुना ओलीला बाहेर पडू देतो. अशा भिंतीला ओल आली म्हणून वरून सिमेंटचा जाड थर दिला, की ओल आतच कोंडते, आणखी वर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटू लागतो. मालक मग पुन्हा सिमेंट लावतो. आधी जोत्याभोवतीची माती उतरती करावी, गटार मोकळे करावे, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग काढावा आणि भिंतीला एक उन्हाळा वाळू द्यावी. गिलाव्याचा विचार त्यानंतर करावा.

छपराचेही तसेच आहे. गळती जेथे टपकते तेथेच फुटके कौल असते असे नाही. पाणी वाशावरून ओघळत चार हात दूर येऊन पडते. पावसात थेंब दिसला की वाशावर कोळशाने खूण करावी आणि उघडीप होताच खुणेच्या वरच्या अंगाला शोध घ्यावा. शाकारणीच्या वेळी जुनी धड कौले फेकून देऊ नयेत. मंगळुरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक निराळ्या असतात. एकाचे कौल दुसऱ्यात नीट बसत नाही. वाशांची भिंतीत शिरलेली टोके खिळ्याने टोचून पाहावीत, कारण कुजणे तेथून सुरू होते. भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसल्यास थोडी मोडून ठेवावी. चार-आठ दिवसांत ती पुन्हा जोडली गेली, तर वाळवी जिवंत आहे असे समजावे. विजेच्या जुन्या तारा तर राहावयास जाण्यापूर्वीच परवानाधारक माणसाकडून तपासून घ्याव्यात आणि वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ बसवून घ्यावी. ह्या एका कामात दिरंगाई जिवावर बेतते.

ह्या सर्वांसाठी पैसा लागतो, आणि नेमका तोच खरेदीच्या दिवशी संपलेला असतो. म्हणून किंमत ठरवितानाच दुरुस्तीची रक्कम बाजूस काढावी; ती निघत नसेल तर ते घर आपल्या ऐपतीतले नाही, हे ओळखण्यात कमीपणा नाही. तातडीची कामे सोडून बाकीच्यांना एक पावसाळा जाऊ द्यावा. एक वही घेऊन, कोणत्या खोलीत कोणत्या महिन्यात ओल आली, कोणता कोना गळला, अंगणात पाणी किती वेळ तुंबले, याची नोंद करावी. दिवाळीच्या सुमारास ती वही गवंड्यापुढे आणि सुताराच्या पुढे ठेवली, म्हणजे अंदाजाने होणारा खर्च पुष्कळ वाचतो.

खरेदीखतावर सही करणाऱ्या बहिणीचे बालपण कदाचित त्याच ओसरीवर गेलेले असते. तिने राजीखुशीने दिलेले घर धडपणे उभे ठेवणे, हे नव्या मालकाचे काम आहे. रंग काय, पुढल्या वर्षीही देता येईल.