ब्रूनोबरोबर सकाळचा फेरा

बँकेत ३५ वर्षं लोकांचे पैसे सांभाळले, आता लोकांची कुत्री सांभाळतो. ठेव परक्याची, जबाबदारी आपली. फरक एवढाच, ही ठेव शेपटी हलवते.

बी विंगमधला ब्रूनो सकाळी सहाला दाराशी तयार असतो. त्याच्या घरची दोघंही सातच्या लोकलला पळतात. त्याला चालण्यापेक्षा हुंगण्यात रस. मीही घाई करत नाही. प्रत्येक खांब म्हणजे त्याचं वर्तमानपत्रच. मे महिन्यात संध्याकाळी निघताना आधी रस्त्यावर हात टेकवून बघतो. मला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. घाण उचलायला कागद-पिशवी खिशात असतेच, हे सेक्रेटरीसाहेबांनी लिहून घ्यावं!

आता लिफ्टचं. मागच्या सभेत कुत्र्यांना लिफ्टबंदीची सूचना आली. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही, हे मी तिथेच सांगितलं. पण ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खरीच असते. म्हणून आत कुणी असलं तर आम्ही थांबतो.

परवा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःहून दार धरलं. म्हणाल्या, "या, पण त्याला त्या कोपऱ्यात उभं करा हं."