दारावरची माणसं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'माझा यशाचा प्रवास' हा विषय दिला होता. पण मी दिवसभर संगणकासमोर बसून नेमकं काय करते, हे माझ्या आईलाही अजून समजावता आलेलं नाही. म्हणून आज एका संध्याकाळी मी दारावर उभी होते, तेवढंच सांगते.

इंजिनिअरिंगला मी धुळ्याला होते. दर शनिवारी पारोळा, एरंडोल करत एसटीने जळगावला यायचे. काही वर्षांपूर्वी तिथल्या मैत्रिणींचा फोन आला. मुलींच्या एका वसतिगृहाच्या मदतीसाठी दोन संध्याकाळचा संगीत महोत्सव ठेवला होता आणि स्वयंसेवक हवे होते. मी पुण्याहून रजा काढून गेले.

गाणं आपल्या मातीला नवं नाही. नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, लहानपणी जळगावातच मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. आजही जानेवारीत आपल्याकडे त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. आणि मदतीसाठी गाणं हेही जुनंच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या. तरी बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्रीचे नट सगळ्यांना ठाऊक आहेत, पण दारावर कोण होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

दारावरचं काम सोपं वाटतं, पण तसं नसतं. दीड तास आधी पोचायचं, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. तिकिटाचा तुकडा फाडून जपून ठेवायचा, कारण रात्री हिशोब त्यावरच जुळतो. आलाप सुरू झाला की दार बंद, उशिरा आलेल्यांना दोन गाण्यांच्या मध्येच सोडायचं. गुडघे दुखणाऱ्यांना कडेची खुर्ची. दानपेटी एकट्याने उघडायची नाही, दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची. आणि गाणं ऐकायचं ते पाठीने, कारण तोंड कायम दाराकडे.

मला हे काम फार आवडलं. यादी, नियम, आकडे, सगळं माझ्या सवयीचं.

पहिल्या संध्याकाळी मध्यंतराच्या आधी एक बाई आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आली. बाईंच्या हातात कापडी पिशवी होती. मी तिकीट मागितलं.

"ताई, तिकीट नही शे आमनाजोडे," त्या म्हणाल्या.

मी यादी पाहिली, नाव नव्हतं. नम्रपणेच सांगितलं की तिकिटाशिवाय सोडता येणार नाही. मुलगी काहीतरी बोलणार होती, पण आईने तिचा हात धरला आणि दोघी गेल्या. माझ्या मागे शेवटच्या तीन रांगा रिकाम्या होत्या.

रात्री आवरताना वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, "आमची एक मुलगी आईला घेऊन येणार होती, पेटी शिकते ती. दिसली का तुम्हाला?"

मी म्हटलं, "दिसली. मीच परत पाठवली."

ज्यांच्यासाठी निधी जमत होता, त्यांची नावं यादीत घालावीत हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. संयोजक वाईट नव्हते, मीही वाईट नव्हते. पण मान वर करून रिकाम्या खुर्च्या मला दिसल्या असत्या. कुणाला तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलले, आणि मागच्या दोन रांगा लगेच वसतिगृहाला दिल्या गेल्या. मुली आल्या. ती मुलगीही आली आणि पेटीवाल्याच्या बोटांवरून तिची नजर हलली नाही. आई मात्र आली नाही. ती सकाळच्या गाडीने साक्रीकडे परत गेली होती. तिची ती एकच संध्याकाळ होती.

हे आज इथे का सांगते आहे?

मेळाव्यासाठी आपण माणशी दोन हजार वर्गणी ठरवली. यादी माझ्याकडे होती, म्हणजे दारावर पुन्हा मीच. आपल्या वर्गातले सहा जण आलेले नाहीत. त्यांच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असं मी लिहिलं. परवा त्यातल्या एकीला फोन केला. ती जळगावातच राहते. आधी म्हणाली, घरी पाहुणे आहेत. मग थांबून म्हणाली, "अगं, या महिन्यात नाही जमायचं." दहावीला माझा भूमितीचा डबा हरवला, तेव्हा स्वतःचा कंपास देणारी ही मैत्रीण.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी रक्कम ठरवू नका. दाराशी एक बंद पेटी ठेवा, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावं, नावाची नोंद नको. कमी पडलं तर आपण काही जण भरू. आणि उरलेल्या पाच जणांना फोन करायचं काम मला द्या.

आज आपल्या मागेही दोन रांगा रिकाम्या आहेत. मी सकाळपासून बघते आहे.

सर, बाई, तुम्ही वर्गाचं दार कधी उशिरा येणाऱ्यावर बंद केलं नाहीत. तेवढं आम्हालाही जमावं, असा आशीर्वाद द्या.