मागं उभा राहणारा



ओहोटीला मालवणची वाळू घट्ट होते.
पोरं दोन चपला रोवतात…
झाला गोलपोस्ट!
सगळ्यांना पुढं खेळायचं असतं.
मागं कोण? जो उशिरा आला, तो.

आज त्या मागच्या जागेबद्दल बोलू.
आणि महेश गवळीबद्दल.
आपल्या शेजारच्या गोव्याचा हा बचावपटू.

टाटा फुटबॉल अकादमीत तो घडला.
2003 साली ईस्ट बंगाल क्लबनं जकार्तात आसियान क्लब चषक जिंकला.
त्या संघात महेश होता… मागं.
पुढं तो गोव्याच्या डेम्पो क्लबकडून खेळला.
तिथं राष्ट्रीय विजेतेपदं आली.
महेश मागंच.
2011 साली भारत आशियाई चषकात उतरला, 27 वर्षांनी.
त्या संघातही महेश होता.

बचावपटूचं नाव गुणफलकावर सहसा येत नाही, मंडळी.
चूक झाली, तर मात्र सगळ्या गावाला कळतं!

2023 साली बंगळूरूत दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना होता.
भारताचे मुख्य प्रशिक्षक निलंबित होते.
मैदानाकडेला उभा होता सहायक प्रशिक्षक…
महेश गवळी.
सामना पेनल्टीवर गेला.
तिथं कडेला उभ्या बचावपटूनं करायचं काय? नुसतं बघायचं.
महेशनं बघितलं…
आणि भारत जिंकला.