वार्धक्यातील व्यायाम आणि बुद्धीचे आरोग्य

(वार्षिक स्नेहसंमेलनात ज्येष्ठांच्या सत्कारप्रसंगी दिलेले भाषण)



आज आपण आम्हां वृद्धांस शाल व श्रीफळ देऊन गौरविले आणि वर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहो. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांकडून पाढे पाठ करून घेतले, एवढीच आमची विद्या. तथापि जे दुःख आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आत आले, त्याविषयी मौन बाळगणे बरे नव्हे, म्हणून हे धाडस करीत आहो.

आमचे थोरले बंधू अण्णा नित्य पहाटे साताऱ्यातील चार भिंतींची चढण चढून जात आणि परत येताना मंडईतून भाजी आणीत. त्यांनी सत्तरी ओलांडली तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्या हातची पिशवी काढून घेतली. ‘अण्णा, पुष्कळ कष्ट केलेत, आता स्वस्थ बसा,’ असे आम्हीच म्हटले. अण्णा बसले. काही वर्षांनी त्यांना वार आठवेना, मग नातवंडांची नावे आठवेनात, आणि एके दिवशी त्यांनी आम्हांसच विचारले, ‘आपण कोणाकडे आलात?’ सख्ख्या भावाच्या तोंडचा तो प्रश्न आम्ही जन्मात विसरणार नाही. तेव्हा कोठे घाबरून आम्ही हात धरून त्यांस फिरवू लागलो.

पिशवी काढून घेतल्यामुळेच हा विकार जडला, असे आम्ही म्हणत नाही. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक असून वय व आनुवंशिकता यांवर कोणाचीच सत्ता चालत नाही. परंतु पुढे आम्ही जे वाचले, त्याने आम्हांस अंतर्मुख केले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. ज्या व्यायामाने श्वास व हृदयाची गती काही काळ सलग वाढते, म्हणजे झपाझप चालणे, पोहणे, सायकल चालविणे, त्याने हृदय व रक्तवाहिन्या बळकट होतात, आणि त्याचा लाभ मेंदूसही पोहोचतो. अमेरिकेत १२० वृद्धांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटास आठवड्यातून तीन दिवस चालावयास लावून ते चालणे ४० मिनिटांपर्यंत नेले. दुसऱ्यास केवळ अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम दिले. स्मृतीशी निगडित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उतारवयात आकसत जातो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे २ टक्के वाढला; दुसऱ्या गटात १.४ टक्के घटला. स्मृतीच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा चालणे म्हणजे संजीवनी, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधील, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात स्मृतिभ्रंश आधीच जडलेल्या ४९४ रुग्णांचा समावेश होता. ज्यांच्याकडून चार महिने चांगला व्यायाम करून घेतला, त्यांचे शरीर सुधारले, परंतु बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही. हे वाचताना आम्हांस अण्णांचा हात आठवला. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात, ते हेच.

म्हणून विहीर आधी खणली पाहिजे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली, तर जवळजवळ निम्मे स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत व्यायामाचा अभाव आहे, रक्तदाब आहे, बहिरेपणा आहे, आणि एकाकीपणाही आहे.

मग करावे किती? जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग गाता येऊ नये, इतका वेग पुरे. पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचे व्यायामही करावे. ज्यांस हृदयविकार आहे, चक्कर येते किंवा गुडघे दुखतात, त्यांनी डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा. आणि ज्यांस काहीच जमत नाही, त्यांनी अंगणात दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.

येथे आमच्या भगिनींचे विशेष स्मरण होते. जाते गेले, विहिरीचे पाणी गेले, हे उत्तमच झाले. पण त्या कष्टांबरोबर चालणेही गेले, आणि पुरुषांप्रमाणे पहाटे फिरावयास निघण्याची मोकळीक अनेक घरांत त्यांस अद्याप नाही. ती सुनांनी व मुलांनी आग्रहाने द्यावी.

संस्थेच्या चालकांस आमची एक विनंती आहे. रोज सकाळी सहा वाजता कार्यालयाच्या दारातून ज्येष्ठांचा एक जथा निघावा. प्रत्येक वृद्धास एक सोबती असावा. जो दोन दिवस आला नाही, त्याच्या घरी चौकशीस जावे. यास खर्च नाही, आणि व्यायाम व सोबत दोन्ही साधतात. पुढील वर्षी सत्कार करावयाचाच झाल्यास शालीऐवजी वहाणांचा जोड द्यावा. आम्ही तो अधिक आनंदाने स्वीकारू.

आणि तरुणांनो, आपल्या वडीलधाऱ्यांवर आपले प्रेम आहे, हे आम्ही जाणतो. आमचेही अण्णांवर होते. म्हणूनच सांगतो, झेपेल तोवर त्यांच्या हातची पिशवी काढून घेऊ नका. ती थोडी हलकी करा आणि त्यांच्याबरोबर मंडईपर्यंत चाला.